चिनी पिक्चरमधली वायर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं वजनानं शिकवलं. रायपूरजवळच्या उरला भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये मी एकतीस वर्षं खलासी होतो. खलासी म्हणजे जड वस्तू बांधून, उचलून, बरोबर जागेवर बसवणारा. क्रेनवाला वर बसून बटण दाबतो, त्यात काही मोठं नाही. सामान कुठून धरायचं, कुठं वायर टाकली म्हणजे ते हवेत गेल्यावर गिरकी खाणार नाही, हे खाली उभा असलेला खलासी ठरवतो. तो 'हबेस' म्हणाला की लोड वर जातो, 'आरिया' म्हणाला की खाली येतो. ह्या दोन शब्दांवर मी बीरगांवात घर बांधलं, पोट्टा शिकवला. माझ्या हातून एकही लोड पडला नाही. कोणाला हा गर्व वाटून राहिला असेल तर वाटो.

हे आधी सांगितलं, कारण चिनी मारामारीचे पिक्चर मी खलाशाच्या डोळ्यांनी पाहिले. दुसरे डोळे माझ्याजवळ नव्हते.

रायपूर राजधानी झालं त्याच्या पुढच्या काही वर्षांतली गोष्ट आहे. शहरात रोज कुठं ना कुठं खोदकाम, रोज नवीन साहेब. माझा पोट्टा नोकरीवर बिलासपूरला. त्याची पोरगी, माझी नात, आमच्याजवळ राहून शाळेत जायची. नऊ वर्षांची. काळीसावळी, काटकीसारखी, भीती कशाला म्हणतात ते माहीत नाही. मराठी सगळं समजायची, पण उत्तर हिंदीत द्यायची. मी म्हणायचो, मराठीत बोल. ती म्हणायची, "समझ तो गए ना, आबाजी?"

जुन्या शहरातल्या एका टॉकीजमध्ये चिनी पिक्चर लागला. बाहेरच्या पोस्टरवर एक माणूस बांबूच्या शेंड्यावर उभा. बांबू वाकला होता, पण थोडासाच. मी पोस्टरसमोर थांबलो. साठ किलोचा माणूस असेल तर बांबू इतकाच कसा वाकेल? म्हणजे वजन बांबूवर नाहीच. मग आहे कुठं? तेवढ्यासाठी मी तिकिटं काढली. बायको, नात आणि मी.

टॉकीजमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बाकी रिक्षावाले, मिलवाले, दोन-चार कॉलेजची पोरं. आमच्या मिलमधला माझा जुना जोडीदार, छत्तीसगढी गडी, मागच्या रांगेत भेटला. आम्ही दोघांनी पूर्वीचे चिनी पिक्चर पाहिले होते, व्हिडिओवर, एका खोलीत पन्नास जण कोंबून. त्यात उघड्या छातीचे लोक असायचे, फळ्या फोडायचे, ठोसा बसला की नारळ फुटल्यासारखा आवाज. हा पिक्चर वेगळा निघाला. ह्यातले लोक रेशमी झग्यांत. भांडायच्या आधी चहा प्यायचे. मग एकमेकांकडे पाहायचे, पाहतच राहायचे. मध्येच एक पान झाडावरून सुटलं आणि खाली यायला इतका वेळ लागला की मागून कोणी ओरडलं, "अबे ऑपरेटर, रील अटक गई!" सगळे हसले. पान आपल्याच चालीनं खाली आलं.

मग त्या झग्यातल्या बाईनं अंगणातून पाय उचलला आणि कौलांवर गेली. धावत नाही, उडी मारत नाही. गेली.

टॉकीजमध्ये शिट्टी वाजली. एक म्हणाला, "तार है." माझा जोडीदार मागून म्हणाला, "तार नोहय भैया, साधना हे साधना. साँस ला पेट म रोक लेथें, त देह हलका हो जाथे."

मी वळून म्हटलं, "तुझी बायको दिवसभर तुझ्यासमोर श्वास धरून असते, ती उडाली का कधी?"

"हव, मायके उड़ गे रिहिस," तो म्हणाला. आमची अख्खी रांग हसली.

पण माझे डोळे पडद्यावरून हटले नाहीत. मला कळलं होतं. माणूस आपल्या ताकदीनं उडी मारतो तेव्हा आधी गुडघे वाकतात, छाती पुढं जाते, टाच सगळ्यात शेवटी जमीन सोडते. आणि माणसाला उचललं तर आधी कंबर जाते, पाय मागून येतात, मानेला धरून उचललेल्या मांजराच्या पायांसारखे लोंबत. त्या बाईची कंबर आधी गेली. म्हणजे वायर कमरेला. एक वायर असती तर ती गरगर फिरली असती. फिरली नाही, म्हणजे दोन, दोन्ही कुल्ल्यांच्या हाडांवर एकेक. म्हणूनच ती हवेत कोलांटी घेऊ शकत होती. आणि झगा काहून इतका घोळदार? तर पट्टा झाकायला. बाही काहून हातभर लांब? तर तुमचं लक्ष बाहीकडं जावं, कमरेकडं जाऊ नये. उडताना पाय दाखवत नाहीत, तोंड दाखवतात. पाय दाखवतात ते उतरताना, पंजा आधी टेकताना. पिक्चर बनवणाऱ्यात कोणी खलासी होता आणि चांगला खलासी होता. त्या अंधारात मी मनातल्या मनात त्याला रामराम केला.

"आबाजी, ये लोग गिरते क्यों नहीं?" नातीनं विचारलं.

"खाली कोणीतरी धरून आहे म्हणून."

"दिखता क्यों नहीं?"

"दिसला तर पाहायला कोण येईल, पोट्टी?"

तिनं उरलेला पिक्चर वायर शोधण्यात घालवला. बायकोला मात्र वेगळीच काळजी. "इतके पांढरे कपडे घालून मातीत लढून राहिले. धूत कोण असन?" ती म्हणाली. "अन् तीन तासांत एकानंही जेवण केलं नाही. नुसता चहा."

रंगाबद्दल मला सांगता येत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मिलमध्ये दोनच रंग होते, काळा आणि तापलेला. ह्या पिक्चरमध्ये एक अख्खी लढाई हिरव्यात होती. बांबू हिरवा, उजेड हिरवा, ओल्या दगडावरचं पाणी हिरवं. दोन माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि सगळीकडं असं शांत की तलवारीपेक्षा बाहीचा फटकारा जास्त ऐकू येत होता. एकतीस वर्षं मी वजन वर जाताना पाहिलं. साखळीचा खडखडाट, शिव्या, ग्रीस, घाम. वजन असंही वर जाऊ शकतं, आवाज न करता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर माझा जोडीदार म्हणाला, "पहिली वाले मन मारत रिहिन, ये मन तो नाचत हें." आधीचे लोक मारायचे, हे तर नाचतात, म्हणून त्याला नाही आवडला.  मला इतका आवडला होता की राग आला होता.

पुढच्या आठवड्यात नात आणि मी परत गेलो. ह्या वेळी तिनं वायर शोधली नाही. येताना टेम्पोत म्हणाली, "आबाजी, तार पता है तो भी वो उड़ते हैं." मग थोड्या वेळानं, "और ना, वो लोग जब रोना आता है तब उड़ते हैं. आपने देखा?"

मी पाहिलं नव्हतं. मी कमरेकडं पाहत होतो.

आमच्या अंगणात कडुनिंब आहे, जाड फांदीचा. मी नुकताच रिटायर झालो होतो, हात शिवशिवत होते. मिलमधला जुना कॅनव्हासचा सेफ्टी बेल्ट घरी पडला होता. बायकोनं तो उसवून नातीच्या कमरेच्या मापानं परत शिवला, आतून जुन्या गोधडीचा तुकडा लावला, टोचू नये म्हणून. दोन्ही बाजूंना मी कड्या बसवल्या. फांदीला दोन पुल्या. दोन बारीक पोलादी वायरी, त्या मागं जाऊन एका दोराला मिळायच्या, आणि दोर ओढायला माझा जोडीदार आणि मी. आधी नातीला किराणावाल्याच्या काट्यावर उभं केलं. बावीस किलो. मग बावीसच्या जागी वाळूनं भरलेली साठ किलोची पोती दोन दिवस टांगून ठेवली. न तोललेला लोड उचलायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे, मग ती मोटर असो की नात.

पहिल्या दिवशी ती बेडकासारखी पाय आखडून वर गेली आणि हसत सुटली. पंधरा दिवसांत तिला जमलं. हनुवटी वर, पोट आत, पाय मागं सैल, उतरताना पंजा आधी. आईची जुनी ओढणी दोन्ही हातांना बांधायची, बाही म्हणून. आणि मलाही जमलं. मला कळलं की उडणाऱ्याचं सगळं ओढणाऱ्याच्या हातात आहे. एका दमात ओढलं तर पोतं दिसतं. आधी हळू, इतकं हळू की जमीन सुटली हे तिलाच कळू नये, मग भरकन, आणि वर गेल्यावर एक क्षण नुसतं धरून ठेवायचं. तो क्षण धरता आला तर माणूस उडाला. नाही आला तर टांगला. हे मला कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नाही, पडद्यावर पाहून मी शिकलो.

आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, रोज संध्याकाळी भिंतीवर बसून पाहायचा. कोणी म्हणायचं पोरगी पडेल, कोणी म्हणायचं सर्कशीत घाला. नातीला कशाचंच काही नव्हतं. वर गेली की ती कोणाकडंच पाहायची नाही.

तेव्हाच गणेश मंडळाचे सेक्रेटरी आमच्या घरी आले. शंकर नगरच्या बाजूला काही मराठी घरांनी एक गणेश मंडळ चालवलं होतं. भोसल्यांचं राज्य होतं तेव्हापासून इथं असलेली घरं, वकील, डॉक्टर, मोठे दुकानदार. आम्ही विदर्भातून पोटासाठी आलेले. वर्गणीच्या वेळी आम्ही मराठी, जेवणाच्या पंगतीत मागून दुसरे. सेक्रेटरींना घराच्या गच्चीवर पाण्याची मोठी टाकी चढवायची होती, कोणी माझं नाव सांगितलं. ते फाटकातून आत आले तेव्हा नात हवेत होती.

टाकी ते विसरूनच गेले. "अरे बापरे," म्हणाले, "काका, हे तर चिनी पिक्चर!"

त्यांच्या मंडळात मुलांचं नाटक होतं. देवी आणि असुराची लढाई. राजधानी झाल्यापासून प्रत्येक मंडळाला कोणी मोठा पाहुणा लागायचा, त्यांच्याकडं एक मोठे अधिकारी कुटुंबासह येणार होते. "देवी स्टेजवर चालत येते त्यात काय मजा आहे?" ते म्हणाले. "आकाशात उडाली पाहिजे. बाही अशी सोडत. काका, तुम्ही आणि ही मुलगी, दोघंही पाहिजेत."

नातीनं माझ्याकडं पाहिलं. मी पुष्कळ लोकांच्या चेहऱ्यावर पुष्कळ काही पाहिलं आहे, पण तसं पाहिलं नाही. "आबाजी, स्टेज पे? लाईट में?"

"हव," मी म्हटलं.

हॉलच्या छताला लोखंडी कैची होती, पत्रे पेलणारी तिकोनी चौकट, चांगली मजबूत. मी स्वतः वर चढून एक-एक नट पाहिला. माझ्या जोडीदाराला आणि मिलमधल्या आणखी दोघांना आणलं. पडद्यामागं आम्ही एक उंच टेबल ठेवलं. दोर धरून दोघांनी टेबलावरून खाली उतरायचं, म्हणजे देवी वर. वायरींना काजळी लावली, चमकू नये म्हणून. तीन आठवडे तालीम. नात चार ओळी मराठीत पाठ करून फिरायची, भाजी निवडताना, दात घासताना. बायको म्हणाली, "आमच्याशी हिंदी अन् राक्षसाशी मराठी. बरं हाय."

खेळाच्या चार दिवस आधी सेक्रेटरींनी मला बाजूला नेलं. खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात ठेवणारा माणूस काहीतरी काढून घ्यायला आलेला असतो.

"काका, थोडा प्रॉब्लेम झाला आहे. लाईट लावून पाहिले काल. मुलगी छान करते, प्रश्नच नाही. पण चेहरा दिसत नाही हो. देवी जरा उजळ पाहिजे. तुम्ही ते पिक्चर पाहिले आहेत ना, कसे पांढरेशुभ्र चेहरे उठून दिसतात."

मी म्हटलं, "पावडर लावा."

"लावून पाहिली. राखेसारखी दिसते." मग म्हणाले, "अध्यक्षांची भाची आहे, अकरा वर्षांची. तिला ओळी येतात. वायर तर तीच आहे, ओढणारे तुम्हीच आहात. आणि तुमच्या नातीला आम्ही सोडत नाही हं. असुराच्या फौजेत घेतो. मुखवटा आहे, शिंगं आहेत, मुलांना मजा येते."

मी विचारलं, "अन् मी नाही म्हटलं तर?"

"मग टेंटवाल्याला सांगू, त्याच्याकडं दोर आहेत. कार्यक्रम तर थांबवता येणार नाही, काका. पाहुणे यायचे आहेत."

टेंटवाल्याचा दोर मला माहीत होता. सुताचा, भिजून वाळलेला. त्यावर लेकरू टांगलं तर लेकरू मरेल. म्हणून मी हो म्हटलं. हे कारण मी वीस वर्षं सांगत आलो. बायकोला सांगितलं, पोट्ट्याला सांगितलं, पाऱ्यात सांगितलं. कारण खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. उरलेलं खरं असं की मला ते पाहायचं होतं. लाईटमध्ये, रेशमी साडीत, चारशे माणसांसमोर, आवाज न करता वर गेलेलं वजन. मिलमध्ये एकतीस वर्षं कोणी माझ्या कामाकडं काम म्हणून पाहिलं नव्हतं. एवढं तयार झालेलं ते हातचं सोडवेना.

नातीला सेक्रेटरींनीच सांगितलं, हातात चॉकलेट देऊन. मी तिथं नव्हतो. वर कैचीवर होतो, पुलीला तेल देत. पुलीला तेलाची गरज नव्हती.

अध्यक्षांच्या भाचीला मी काट्यावर उभं केलं. एकतीस किलो. पट्टा तिला बसेना. बायकोकडं नेला.

"मी तिच्या मापाचा शिवला," ती म्हणाली. "हात लावणार नाही."

"अवं, कामाची गोष्ट हाय. पट्टा सैल नाही केला तर पोरीच्या पोटाले घट्ट होईन."

"तुम्ही आधी खलासी हा का आजा, ते सांगा मले."

मी पोती शिवायचा दाभण काढला, ओसरीवर बसून पट्टा स्वतः उसवला आणि चार बोटं वाढवून शिवला. नात समोरच पायरीवर बसून गृहपाठ करून राहिली होती. तिनं एकदा मान वर केली, पट्ट्याकडं पाहिलं, परत खाली घातली.

खेळाच्या दिवशी हॉल भरला. पडद्यामागून मला स्टेज एका फटीतून दिसायचं. असुराची फौज आली, दहा-बारा पोरं, पुठ्ठ्याची शिंगं, काळे झगे. मुखवट्यातून कोण कोण आहे कळत नव्हतं. एकीचे पाय मी ओळखले.

मी हात वर केला. तोंडानं हबेस म्हणायचं नव्हतं, हातानंच. माझा जोडीदार आणि दुसरा टेबलावरून उतरायला लागले, हळू, हळू. मग भरकन. आणि मग मी मूठ बांधली आणि दोघं जागेवर थिजले. एकतीस किलो, पण पिसासारखी गेली ती पोरगी. पांढरी साडी, पांढरी बाही, पांढरा चेहरा, निळा उजेड. तो क्षण मी धरला. इतका चांगला मी कधीच धरला नव्हता, अंगणातही नाही. चारशे माणसांनी श्वास आत घेतला आणि सोडला नाही. एक म्हातारी बाई पुढच्या रांगेत हात जोडून उभी राहिली. मी आनंदात होतो. हे मी लपवत नाही. फटीतून पाहत मी आनंदात होतो.

देवीनं बाही सोडली. बाही ज्याला लागेल त्या असुरानं पडायचं, असं ठरलं होतं. पोरं पडली, कोणी हसत, कोणी मुखवटा सावरत, एकानं पडायच्या आधी जागा पाहून घेतली. एक मात्र अशी पडली की आवाज झाला नाही. गुडघे सैल, कंबर आधी, मग खांदा, मग हात. चिनी पिक्चरमध्ये मरणारे पडतात तशी. मी तिला पडायचं कधी शिकवलं नव्हतं.

पाहुण्यांनी भाषणात म्हटलं, एकदम चायना की पिक्चर. सेक्रेटरींनी सांगितलं, आमच्या मुलांची मेहनत आहे. माझं नाव घेतलं नाही, त्याचं मला वाईट वाटलं नाही. खलासी दिसायचाच नसतो. माझा जोडीदार चिडला, "भैया, तोर नाव नइ लिहिन!" मी म्हटलं, चहा पी.

घरी येताना टेम्पोत नात माझ्या आणि आजीच्या मध्ये बसली होती. मी म्हटलं, "तू लय चांगली पडली."  बायकोनं तिच्या गालावरचं काळं ओल्या पदरानं पुसायला घेतलं. मग थांबली, कारण रंग मुखवट्याला होता, तिच्या गालाला काही लावलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पट्टा परत बावीसच्या मापाचा करून कडुनिंबाला लावला. म्हटलं, चल. "होमवर्क है," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी होमवर्क, चौथ्या दिवशी पोटात दुखतं. टॉकीजमध्ये आणखी एक चिनी पिक्चर लागला, मी तीन तिकिटं आणली. बायको आणि नात दोघीही आल्या नाहीत. मी एकटाच पाहून आलो. मलाही त्यात काही दिसलं नाही. वायर दिसली. नुसती वायर दिसली.

त्या उन्हाळ्यात पोट्ट्यानं तिला बिलासपूरला नेलं. चांगल्या शाळेसाठी, असं तो म्हणाला. नात टेम्पोत बसली, आजीच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडली. पाया पडणं म्हणजे गळ्यात पडणं नाही, हे मला कळतं, माझं शिक्षण चौथीपर्यंत असलं तरी.

आता ती तिशीत आहे. नव्या रायपुरातल्या एका ऑफिसात नोकरी, तेलीबांध्याला तलावाजवळ फ्लॅट. बायको गेल्यानंतर ती महिन्यातून एखादा रविवार मला तिथं नेते. जेवायला घालते, डोळ्यांच्या औषधाचं विचारते, गाडी करून परत पाठवते. माझ्याशी वाईट वागते असं कोणी म्हणू शकणार नाही. वाईट वागली असती तर मी भांडलो असतो, भांडण मला येतं.

मागच्या वेळी तिच्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर चॅनल बदलताना एक चिनी पिक्चर लागला. बर्फातलं अंगण, दोघं जण, लाल झगे. तिनं लगेच बदललं.

"राहू दे," मी म्हटलं.

"आपको देखना है?"

"तुले काहून नाही पाहायचा?"

ती रिमोट हातात घेऊन बसली. मी म्हातारा झालो आहे, वाट पाहायला वेळ नाही, म्हणून मीच बोललो. टेंटवाल्याच्या दोराचं सांगितलं. सुताचा होता, भिजलेला होता, ती पोरगी पडली असती.

"पता है, आबाजी. दादी ने बताया था."

"मंग?"

"मंग क्या? आप गिरने नहीं देते किसी को. मुझे पता है."

"मंग वीस वर्षं कोणत्या गोष्टीचा राग हाय तुले?"

ती माझ्याकडं पाहत म्हणाली, "आपने मुझसे पूछा नहीं. सेक्रेटरी से बात की, दादी से झगड़ा किया, उस लड़की का वजन किया. मेरे सामने बैठ के बेल्ट खोला. एक बार बोलते, बेटा, ऐसा-ऐसा है, क्या करूँ? मैं ही बोलती, उड़ा दो उसको. मैं ही बोलती, आबाजी."

माझ्याजवळ उत्तर होतं. मी दिलंही. मी म्हटलं, नऊ वर्षांच्या पोट्टीला विचारून कोणी काम करतं का? आमच्या मिलमध्ये लोडला कोणी विचारत नव्हतं.

तोंडातून निघाल्यावर मला ऐकू आलं मी काय बोललो ते.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, चहा टाकला. साखर कमी, दूध जास्त, मला लागतो तसा. कप माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात कपाखाली तसेच ठेवले, माझी पकड बसेपर्यंत, कारण माझे हात आता थरथरतात. पकड बसली तसे तिनं हात काढून घेतले आणि मोबाईलवर माझ्यासाठी परतीची गाडी बोलावली.